बंदा रुपया आणि कप्तान मेर्टेन

आमच्या आजीच्या पितळी डब्यात सात राणीछाप रुपये होते. मावळातल्या बऱ्याच घरांत असे रुपये असत. कुणी देव्हाऱ्यात ठेवी, कुणी माळेत ओवी. १९४१च्या मार्चअखेर सरकारने व्हिक्टोरिया राणीचे रुपये चलनातून काढले, पुढच्या वर्षी मे महिन्यात सातव्या एडवर्डचेही. आजोबांनी घरातले बाकीचे रुपये लोणावळ्याला नेऊन बदलून आणले. हे सात तेवढे आजीने दडवले. बदललेले रुपये पुढे गेले कुठे, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याचा माग काढता काढता गाठ पडली ती एका जर्मन पाणबुडीच्या कप्तानाशी. घाटमाथ्यावरच्या माणसाचा पाणबुडीशी संबंध एवढाच.

जुन्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४०मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले आणि जुना बंदा रुपया सरकार परत घेऊ लागले. चांदी लढाईच्या खर्चाला हवी होती. ऑक्टोबर १९४२च्या सुरुवातीला मुंबई बंदरातून 'सिटी ऑफ कैरो' ही एलरमन कंपनीची बोट निघाली. १९१५ची बांधणी, आठ हजार टनांची, कोळशावर चालणारी. पोटात इतर मालाबरोबर चांदीच्या रुपयांच्या दोन हजार पेट्या, म्हणजे सुमारे शंभर टन चांदी. एक रुपया एक तोळ्याचा धरला तर ही पंचाऐंशी लाखांच्या आसपास नाणी होतात. बोटीवर माणसे तीनशेच्या आसपास: गोरे उतारू, त्यांची बायकामुले आणि हिंदी खलाशी. डर्बन, केपटाऊन करत ती ब्राझीलच्या रोखाने एकटीच निघाली.

कार्ल-फ्रीडरिश मेर्टेन तेव्हा सदतीस वर्षांचा होता. (जन्मतारीख १५ ऑगस्ट, योगायोग म्हणून सोडून द्यावा.) फेब्रुवारी १९४१पासून यू-६८ त्याच्या हाती होती. त्या वर्षाच्या शेवटी दक्षिण अटलांटिकमध्ये 'पायथन' ही रसदीची बोट त्याच्या डोळ्यांदेखत गेली आणि तिच्यावरच्या चारशेच्यावर जर्मनांना घरी पोचवण्याच्या कामात त्याची पाणबुडी होती. होडीतल्या माणसाचे हाल त्याने जवळून पाहिले होते, हे लक्षात ठेवायला हवे. मार्च १९४२मध्ये त्याने पश्चिम आफ्रिकेजवळ सात बोटी बुडवल्या, ऑक्टोबरमध्ये केपटाऊनजवळ दोन दिवसांत सहा. एकूण हिशेब सत्तावीस बोटींचा, एक लाख सत्तर हजार टनांचा.

६ नोव्हेंबरला सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेस, पाचशे मैलांच्या आतबाहेर, त्याला क्षितिजावर धूर दिसला. पहिल्या टॉर्पेडोने बोट थांबली. लोक होड्यांत उतरेपर्यंत मेर्टेन थांबला आणि मग दुसरा सोडला. नंतर पाणबुडी वर आणून त्याने होड्यांना जमिनीची दिशा सांगितली, शुभरात्री म्हटले, बुडवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि निघून गेला. राल्फ बार्करने १९८४ साली या घटनेवर लिहिलेल्या पुस्तकाला त्याच वाक्याचे नाव दिले. मेर्टेनची कीर्ती उरली ती या एका वाक्यावर.

मला या सौजन्याचे कौतुक करवत नाही आणि त्याला ढोंगही म्हणवत नाही. सातच आठवड्यांपूर्वी 'लॅकोनिया' बुडवल्यावर यू-१५६चा हार्टेनस्टाइन वाचलेल्यांना होड्यांसकट ओढत होता, तर अमेरिकन विमानाने त्याच्यावर बाँब टाकले. त्यानंतर डोनिट्झचा हुकूम निघाला की बुडणाऱ्यांना मदत करायची नाही. हार्टेनस्टाइन आणि मेर्टेन एकाच तुकडीतून केपटाऊनकडे निघालेले. मेर्टेनने हुकमाच्या काठावर उभे राहून जेवढे करता येईल तेवढे केले. पण तेवढे पुरले नाही. बुडताना मेलेले मोजकेच. शंभरावर माणसे गेली ती बहुतेक पुढच्या दिवसांत, होड्यांत, तहानेने. तीन होड्या तेराव्या दिवशी सापडल्या. एक होडी एक्कावन्न दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ मिळाली, तिच्यात दोघे जिवंत होते.

मेलेल्यांत बोटीवर नोकरी करणारेच जास्त. मुंबईत भरती होणाऱ्या खलाशांत कोकणी मुसलमान आणि गोव्याचे ख्रिस्ती पुष्कळ असत. सारंग, तांडेल, आगवाला ही त्यांची हुद्द्यांची नावे. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच कमी. लोणावळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर आयएनएस शिवाजी लागते. नौदलाला यंत्रविद्या शिकवणारी ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, लढाई संपत आली असताना सुरू झाली. तिच्या कुंपणावरून जाताना मला तो धूर आठवतो. भट्टीत कोळसा ढकलणारा आगवाला खाली तळाशी असतो. आपला धूर कुणाला दिसतो आहे, हे त्याला कसे कळावे?

मेर्टेनला त्याच महिन्यात ओकच्या पानांचे मानचिन्ह मिळाले. जानेवारी १९४३मध्ये तो किनाऱ्यावर, शिक्षणाच्या कामावर गेला. त्यामुळेच वाचला. यू-६८ एप्रिल १९४४मध्ये मदेराजवळ बुडाली, तेव्हा एकच माणूस जिवंत राहिला. मेर्टेन ८७ वर्षे जगला. म्हातारपणी बुखहाइमच्या 'दास बोट'ने पाणबुडीवाल्यांची बदनामी केली म्हणून त्याने उलट पुस्तक लिहिले, आपली बाजू मांडली. सारंग-तांडेलांपैकी कुणाची बाजू छापली गेल्याचे माझ्या वाचनात नाही. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्या लढाईत समुद्रावर मेलेल्या हिंदी नाविकांचे स्मारक आहे; मुंबई-चितगाव मिळून नावे सहा हजारांवर.

चांदीचे मात्र चांगले झाले. २०११मध्ये पाच हजार मीटरहून खोल पाण्यात बोट सापडली, पुढच्या दोन वर्षांत बरीचशी नाणी वर आली आणि इंग्लंडात वितळवली गेली. २०१५मध्ये बातमी फुटली तेव्हा मी आजीचा डबा काढून सोनाराकडे नेला. त्याने एकेक रुपया काट्यावर ठेवला आणि विचारले, मोडायचेत का? सातही रुपये मी परत डब्यात टाकले.