वजनकाटा कोणाचा? जपानी ताट आणि शरीर : दीडशे वर्षांचा प्रवास

जानेवारी १८७२ मध्ये जपानच्या राजवाड्यातील मांसबंदी उठली आणि सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ले. ही बातमी मुद्दाम पसरवली गेली. ज्या देशात इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने वर्ज्य ठरवले होते, आणि पुढे बौद्ध आचाराने ती बंदी समाजात खोलवर रुजवली होती, तिथे ही मोठीच उलथापालथ होती. चोरून खाणारे पूर्वीही होतेच. रानडुकराला ‘डोंगरातला देवमासा’ म्हणून ते ताटात घेत. पण सम्राटानेच खाल्ले म्हटल्यावर आडोशाची गरज उरली नाही. पुढच्याच महिन्यात संतापलेल्या काही धर्मनिष्ठ साधकांनी राजवाड्यात घुसण्याचा प्रयत्न केला आणि त्यातले काही मारले गेले.

या बदलामागे केवळ जिभेचे चोचले नव्हते. धिप्पाड युरोपीय खलाशी पाहून जपानी राज्यकर्ते अस्वस्थ झाले होते. फुकुझावा युकिचींसारखे विचारवंत मांस आणि दूध यांचा उघड पुरस्कार करत होते. देश बलवान व्हायचा तर देशाचे शरीर वाढले पाहिजे, असा तो विचार होता. माझ्या दृष्टीने आधुनिक जपानमधील शरीराच्या इतिहासाची ही पहिली नोंद आहे, कारण इथून पुढे माणसाचे वजन ही त्याची खाजगी बाब राहिली नाही.

त्याआधीचे चित्र वेगळे होते. नारा येथील शोसोइन भांडारात आठव्या शतकातील एक चित्रित पडदा जपून ठेवला आहे. झाडाखाली उभ्या असलेल्या त्यावरील स्त्रिया चांगल्या गुबगुबीत गालांच्या आहेत. ती तांगकालीन चीनची आवड. बाराव्या शतकातील गेंजी चित्रगुंडाळ्यांमधल्या सुंदरीही भरल्या चेहऱ्याच्याच. म्हणजे ‘जपानी बाई मुळातच सडपातळ’ हे आज सर्रास ऐकू येणारे विधान जपानी चित्रकलेनेच खोडून काढले आहे.

संयमाची परंपरा मात्र खरी आहे. काइबारा एक्केन या वैद्य-विचारवंताने १७१३ मध्ये ‘योजोकुन’ लिहिले. पोट पूर्ण भरण्याआधी थांबा, हा त्यातला उपदेश ‘हारा हाचिबु’, म्हणजे आठ आणे नव्हे तर दहातले आठ भाग, या रूपात आजही घरोघरी सांगितला जातो. आपल्याकडे वाग्भटाने पोटाचे चार भाग करून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूला दिला होता. पण एक्केन काय किंवा वाग्भट काय, दोघेही ज्याच्या त्याच्या पोटाला विचारायला सांगतात. त्यांच्या हातात फीत नाही.

फीत आली ती सैन्याबरोबर. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि तरुणांची तपासणी होऊ लागली. १९०० पासून शाळकरी मुलांची उंची आणि वजन यांचे देशव्यापी आकडे उपलब्ध आहेत. तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाची सरासरी उंची सुमारे १५८ सेंटिमीटर होती, आज ती सुमारे १७० आहे. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, गर्भवतींसाठी नोंदवही आली. ती दाखवली की जादा शिधा मिळे. डिसेंबर १९४५ मध्ये उद्ध्वस्त तोक्योत अमेरिकी प्रशासनाच्या आदेशावरून आहार-पाहणी झाली. परदेशी धान्याची मदत मागायची तर उपासमार आकड्यांत दाखवावी लागणार होती. पुढच्या डिसेंबरात शाळांतील जेवण प्रायोगिकरीत्या पुन्हा सुरू झाले. या सगळ्या मोजमापांचा प्रश्न एकच होता : माणसे पुरेशी जाड आहेत का?

मी २००६ मध्ये तोक्योत आले तेव्हा प्रश्न उलटा झाला होता. त्या वर्षी गाजलेल्या शब्दांच्या यादीत ‘मेताबो’ हा शब्द होता. एप्रिल २००८ पासून ४० ते ७४ वयोगटाच्या वार्षिक तपासणीत कंबर मोजणे आले. मर्यादा पुरुषांना ८५ सेंटिमीटर, स्त्रियांना ९०. परदेशी वर्तमानपत्रांनी ‘जपानमध्ये लठ्ठपणा बेकायदा’ असे मथळे दिले, ते चुकीचे होते. व्यक्तीला दंड नव्हता. कंबर आणि इतर चाचण्या सदोष निघाल्या तर आहाराचा सल्ला मिळे. आर्थिक भार विमा-संस्थांवर होता. पण त्या संस्था कंपन्यांच्याच असल्यामुळे दुपारच्या जेवणात सहकाऱ्यांच्या गप्पा कंबरेवर घसरू लागल्या.

मी मात्र मजेत खात होते. रत्नागिरीत बांगडा खाऊन वाढलेल्या मुलीला शरद ऋतूतला साम्मा मासा परका वाटणे शक्यच नव्हते. मीठ लावून भाजलेला, शेजारी किसलेल्या मुळ्याचा गोळा. ‘शुन’, म्हणजे ज्या त्या ऋतूत जे ते खाण्याचा आग्रह, मला चंपाषष्ठीच्या भरिताचा नातेवाईक वाटे. हिवाळ्यात ओदेनमधला रसरशीत मुळा, उन्हाळ्यात गार सोबा. कार्यालयातली एक ज्येष्ठ बाई अगदी प्रेमाने विचारी, “फुतोत्ता?” म्हणजे जाड झालीस का? त्याच वर्षी सुट्टीत घरी गेले तर आत्या म्हणाली, “अगं, किती वाळलीस! तिथे जेवायला घालत नाहीत का?” वजन एकच, ५४ किलो.

२०१० मध्ये मी गरोदर राहिले आणि पालिकेने माता-बाल पुस्तिका हाती दिली. १९४२च्या त्या नोंदवहीचीच ही नात. आता तिचा काटा वेगळे बोलत होता. तेव्हाच्या सरकारी मार्गदर्शनात सर्वसाधारण बांध्याच्या स्त्रीने ७ ते १२ किलोच वाढावे असे होते, आणि ‘लहान जन्माला घाला, मोठे वाढवा’ ही म्हण सुईणींच्या तोंडी होती. सातव्या महिन्यात माझे वजन नऊ किलोंनी वाढले, तेव्हा परिचारिकेने आकड्याखाली लाल रेघ मारली. त्याच आठवड्यात आई डिंकाचे लाडू घेऊन विमानतळावर उतरली. रेघ पाहून ती म्हणाली, “बाळाला विचारलंय का कुणी?” मी दिवसाआड एक लाडू खाल्ला. मुलगी २,४८० ग्रॅमची झाली. त्याचे कारण माझा आहार होता की आणखी काही, हे एका बाळावरून ठरत नाही.

पण अनेक बाळांवरून काही गोष्टी ठरतात, आणि त्याचे मोलाचे काम पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान; पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. ‘बारीक दिसणारी लठ्ठ बाळे’ ही कल्पना त्यातून पुढे आली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

२०२१ मध्ये मी चाळिशीत आले आणि माझ्याही कंबरेला फीत लागली. ८६ सेंटिमीटर. तपासनीस बाईंनी हसून ‘उत्तम’ म्हटले, कारण जपानी मर्यादा ९० आहे. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ठरवलेली मर्यादा ८० आहे. म्हणजे ज्या देशाच्या नजरेला मी पंधरा वर्षे जाड दिसत होते, त्याच्या नियमाने मी निरोगी. आणि ज्या घरात मी वाळलेली होते, तिथल्या शरीरशास्त्राने मी धोक्यात. त्या संध्याकाळी मी रक्तातील साखर तपासायची वेळ घेतली. साम्मा सोडला नाही, पण भात कमी केला.

त्याच वर्षी जपानच्या प्रसूतितज्ज्ञांनी गर्भवतींच्या वजनवाढीची मर्यादा वाढवली. सर्वसाधारण बांध्यासाठी ती आता १० ते १३ किलो आहे. अडीच किलोंखालील बाळांचे प्रमाण नऊ टक्क्यांच्या घरात रेंगाळले होते आणि विशीतल्या साधारण पाचांतली एक स्त्री प्रमाणापेक्षा कृश होती. १८७२ मध्ये ‘वाढा’, २००८ मध्ये ‘आवरा’ आणि आता तरुणींना पुन्हा ‘वाढा’. राज्याला कधी सैनिक हवे होते, कधी धान्य, कधी औषधांच्या खर्चात बचत, आता सुदृढ बाळे. प्रत्येक वेळचे कारण खोटे नव्हते. पण प्रत्येक वेळी ते बाईच्या किंवा पोराच्या शरीरावरच लिहिले गेले.

माझी मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या मुली शाळेच्या जेवणातला भात अर्धा परत करतात. तीही करू लागली, तेव्हा मी तिला शोसोइनच्या पडद्याचे चित्र दाखवले. तिने ते मैत्रिणींना पाठवले. एकीचे उत्तर आले, “या तर आमच्या आजीसारख्या दिसतात.” भात अजून अर्धाच परत येतो, पण मागच्या महिन्यात तिने आजीला फोन करून लाडवांची कृती विचारली आणि कागदावर डिंकाचे प्रमाण ग्रॅममध्ये लिहून घेतले.