गार माळवद, जड माळवद

मंडळी, परळीला वैजनाथाच्या सभामंडपात उन्हातून पाऊल टाकले, की जीव कसा निवतो! अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात या देवळाचा जीर्णोद्धार केला. देऊळ दगडी, उजेड मंद; गाभारा व मंडप एकाच पातळीत, म्हणून मंडपात बसूनही देव दिसतो.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांची रीतही अशीच. दगडमातीच्या रुंद भिंती, मध्ये चौक, वर लाकडावर मातीचे माळवद. जाड माती ऊन सावकाश आत सोडते. म्हणून भर दुपारीही घर गार.

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि अशीच घरे कोसळून हजारो माणसे गेली. वर्षानुवर्षे माती टाकून माळवदे जड झालेली. भिंतींचे आतले-बाहेरचे थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नव्हतेच.

तेव्हा गुरुजी, मुलांना दोन्ही गोष्टी सांगा. चौक, ओसरी, समोरासमोर खिडक्या जरूर असाव्यात. पण भिंतीत आरपार दगड, सभोवती पट्टा आणि वर भार बेताचा हवा. गारव्याला निर्धास्तपणाची जोड मिळाली, तरच घरात सुखाची झोप लागते.