दफ्तर आणि दाद : अपील कोणी ऐकावे?

सार्वजनिक दफ्तरातील कागद मागणाऱ्यास नकार मिळाला, तर त्या नकाराचा फेरविचार कोणी करावा, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. महाराष्ट्रात मात्र तो इतिहासाचा आणि भाषेचाही आहे.

१८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील इनाम कमिशनला इनामांच्या हक्कांची छाननी करण्याचे अधिकार मिळाले. पेशवाईचे पुणे येथील दफ्तर हा या चौकशीचा मोठा आधार होता. कमिशनपाशी मोडी वाचणारे कारकून होते. उणीव होती ती तटस्थतेची. इनाम रद्द झाले की त्या जमिनीचा सारा सरकारजमा होई. आणि चौकशी, निर्णय व त्यावरील अपील ही तिन्हीही सरकारच्याच हाती होती. दिवाणी न्यायालयांची वाट कायद्यानेच बंद केली होती.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ही रचना पालटली, परंतु पूर्णतः नव्हे. पहिले अपील आजही त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाते. दुसरे अपील माहिती आयोगाकडे जाते, ही तटस्थतेची जोड होय. तथापि आयुक्तांच्या पात्रतेसाठी कलम १५ (५) मध्ये कायदा, विज्ञान, समाजसेवा, पत्रकारिता, प्रशासन इत्यादी क्षेत्रे सांगितली आहेत. इतिहास, अभिलेखविद्या वा लिपिज्ञान यांचा उल्लेख नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगांत न्यायिक सदस्यांचा आग्रह धरला आणि २०१३ साली तो मागे घेतला. या वादात न्यायाधीश की प्रशासक एवढाच विचार झाला. कागद वाचू शकणाऱ्याचा झाला नाही.

येथे भाषेच्या अभ्यासकास एक गोष्ट जाणवते. लिपी न जाणणाऱ्या कार्यालयात ‘नोंद आढळत नाही’ आणि ‘नोंद वाचता येत नाही’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच होऊन बसतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची गरज सर्वांच्या ध्यानात आली. मराठवाड्यात हीच गोष्ट निजामकालीन उर्दू कागदांची. एका ओळीच्या वाचनावर कुटुंबाचा हक्क अवलंबून असतो.

म्हणून जिल्हापातळीवर त्रिसदस्य अपील मंडळ असावे, असे सुचवावेसे वाटते : एक कायद्याचा जाणकार, एक त्या जिल्ह्याच्या दफ्तराची लिपी वाचणारा, आणि एक त्या कार्यालयाशी कोणताही संबंध नसलेला नागरिक. लिपिज्ञ स्वतः त्याच कागदांचा अभ्यासक असेल, तर त्या प्रकरणातून त्याने दूर राहावे. इनाम कमिशनला वाचता येत होते, पण ते परके नव्हते. आजचा आयोग परका आहे, पण त्याला वाचता येईलच असे नाही. हे दोन्ही गुण एकाच मंडळात आणणे हेच खरे कार्य होय.