स्कीमातील निर्बंध आणि यंत्रनिर्मित आज्ञावली : एका विसंवादाचा इतिहास

वेब सर्व्हिसचा लेखी करार आणि त्या करारावरून यंत्राने तयार केलेली आज्ञावली ही दोन्ही एकाच अर्थाची असतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. करारात घातलेले अनेक निर्बंध आज्ञावलीत उतरतच नाहीत. हा दोष केवळ साधने बनविणाऱ्यांच्या अनास्थेतून उद्भवला, असे मानणे सोपे असले तरी इतिहासाला धरून होणार नाही. त्याचे मूळ दोन भिन्न परंपरांच्या संयोगात शोधले पाहिजे.

पहिली परंपरा दस्तऐवजांची. एसजीएमएल हे १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि त्याच्या आधारे एक्सएमएल १.० ही शिफारस फेब्रुवारी १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रसिद्ध केली. ह्या परंपरेतील डीटीडी दस्तऐवजाची रचना सांगत असे. परंतु एखाद्या घटकातील मजकूर संख्या असावा की दिनांक, ह्याविषयी ती मौन पाळी. ही उणीव मे २००१ च्या एक्सएमएल स्कीमा १.० ने भरून काढली. तिच्या दुसऱ्या भागात लांबी, किमान व कमाल मूल्य, अंकसंख्या, नमुना, ठरावीक मूल्यांची यादी इत्यादी बारा प्रकारचे निर्बंध सांगितले आहेत. येथे 'प्रकार' म्हणजे मूल्यांचा संच होय, आणि निर्बंध म्हणजे त्या संचाचा संकोच.

दुसरी परंपरा प्रोग्रामिंग भाषांची. मूल्यांचा संकोच ही कल्पना तिला अपरिचित होती असे नव्हे. निक्लाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कलमध्ये उपमर्यादित प्रकार होते, आणि १९८३ च्या एडा भाषेत त्यांना अधिक प्रतिष्ठा लाभली. परंतु वेब सर्व्हिसच्या काळात प्रचारात असलेल्या जावा व सी शार्प ह्या भाषांनी तो वारसा स्वीकारला नव्हता. तेथे 'प्रकार' ह्याचा अर्थ प्रामुख्याने साठवणीचे रूप आणि त्यावर चालणाऱ्या क्रिया एवढाच उरला होता. सहा अंकांचा पिनकोड आणि हजार शब्दांचा निबंध ही दोन्ही तेथे केवळ 'स्ट्रिंग'.

ह्या दोन परंपरांची गाठ डब्ल्यूएसडीएल १.१ ने घातली. मार्च २००१ मध्ये, म्हणजे स्कीमा अंतिम होण्यापूर्वी दोन महिने, ही टिपणी प्रसिद्ध झाली. संदेशांचे वर्णन स्कीमाने करावे आणि वर्ग यंत्राने निर्माण करावेत, ही पद्धत तेथून रूढ झाली. जावामधील जेएएक्सबीची पहिली आवृत्ती २००३ ची व दुसरी २००६ ची. डॉटनेटमध्ये तेच कार्य प्रथम डब्ल्यूएसडीएल.एक्सई आणि पुढे एसव्हीसीयूटिल ही साधने करू लागली. ह्या साधनांत ठरावीक शब्दांच्या यादीचा निर्बंध बहुधा टिकला, कारण त्याला 'इनम' हे प्रतिरूप उपलब्ध होते. नमुना आणि लांबी ह्यांना प्रतिरूप नव्हते, ते गळाले.

जेएएक्सबीच्या पहिल्या आवृत्तीत वस्तूंची तपासणी करणारा स्वतंत्र परीक्षक होता. दुसऱ्या आवृत्तीत तो कालबाह्य ठरविण्यात आला, आणि वाचताना वा लिहिताना स्कीमा स्वतंत्रपणे जोडल्यासच तपासणी व्हावी, अशी व्यवस्था आली. प्रत्येक संदेशाची तपासणी वेळखाऊ असते, हे खरे. परंतु ह्या व्यवस्थेचा परिणाम असा झाला की स्कीमा न जोडणाऱ्याच्या हाती निर्बंधरहित वर्ग राहिला. जून २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील रेडवुड शोअर्स येथे कन्सॉर्शियमने स्कीमाच्या अनुभवांवर कार्यशाळा भरविली, आणि त्यानंतर आज्ञावलीत सुलभतेने उतरणाऱ्या स्कीमारचनांची नोंद करण्यासाठी एक कार्यगट नेमला. विसंवाद मान्य झाल्याचीच ही खूण होय.

२००९ च्या बीन व्हॅलिडेशन १.० ने जावापुरता एक मार्ग दाखविला. निर्बंध वर्गातील क्षेत्रावर टीपेच्या रूपाने लिहिता येऊ लागले, आणि स्कीमातील निर्बंध अशा टीपांत रूपांतरित करणारी पूरक साधनेही निर्माण झाली. तथापि रूपांतर म्हणजे तादात्म्य नव्हे. अंकासाठी नमुन्यात जे संक्षिप्त चिन्ह वापरतात, त्यात स्कीमाच्या व्याख्येनुसार युनिकोडमधील सर्व दशमान अंक येतात, म्हणजे देवनागरी अंकही. जावात मात्र तेच चिन्ह मूलतः केवळ आंतरराष्ट्रीय अंकांपुरते मर्यादित आहे. सहा अंकांच्या नमुन्यात '४११००४' हा पिनकोड स्कीमाला ग्राह्य, तर जावातील टीपेला अग्राह्य ठरेल. अंकांचा संच कंसात स्पष्ट लिहिला तर दोन्हीकडे एकच अर्थ राहतो. मराठीतून नोंदी स्वीकारणाऱ्या यंत्रणांच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नाही. नागरिकाचा अर्ज एका टप्प्यावर स्वीकारला जाऊन पुढच्या टप्प्यावर नाकारला जाण्याचा संभव त्यात आहे.

ह्या विवेचनावरून असे म्हणता येईल की, यंत्रनिर्मित वर्ग हा कराराचा केवळ सारांश आहे. सारांशावरून व्यवहार करावयाचा असेल, तर मूळ करार कोणत्या सीमेवर व कोणी तपासावयाचा, हे आधीच ठरविले पाहिजे. बाहेरून येणारा संदेश प्रवेशाच्या ठिकाणीच स्कीमाशी ताडून पाहणे, आणि आतील नियम टीपांनी वा हाताने लिहिलेल्या वर्गांनी राखणे, अशी विभागणी आज अधिक सयुक्तिक दिसते. जी जबाबदारी कोणाकडेही सोपविलेली नाही, ती साधन आपणहून पार पाडील, ही अपेक्षा मात्र ह्या इतिहासाने निराधार ठरविली आहे.