समोरच्या खुर्चीत कोण? नैराश्यावरील बोलण्याच्या उपचाराचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ व्हिएन्ना, १८८०चा हिवाळा. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता एकवीस वर्षांची एक सुशिक्षित तरुणी स्वतःच अंथरुणाला खिळली. हातपाय लुळे पडले, दृष्टी बिघडली आणि मातृभाषा जर्मन असूनही ती केवळ इंग्रजी बोलू लागली. डॉक्टर योझेफ ब्रॉयर तिच्याकडे जात आणि तिचे बोलणे ऐकत. बोलून झाले की तिला हलके वाटे. या प्रकाराला तिनेच नाव दिले, ‘टॉकिंग क्युअर’. विनोदाने ती त्याला धुराडे झाडणेही म्हणे.

२/ आज नैराश्याने, म्हणजेच डिप्रेशनने ग्रासलेला माणूस थेरपिस्ट शोधू लागतो तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. नुसते बोलून काय होणार? आणि बोलायचे तरी कोणाशी? हे प्रश्न त्याच्या मनाचा दुबळेपणा दाखवत नाहीत. गेली सव्वाशेहून अधिक वर्षे मानसोपचाराचा इतिहास याच दोन प्रश्नांभोवती फिरत आला आहे.

३/ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली ही हकीकत ‘अ‍ॅना ओ.’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. तरुणी बरी झाली, असे त्यात सुचवले होते. तिचे खरे नाव बर्था पापेनहाइम, हे १९५३ साली फ्रॉइडच्या चरित्रातून जगाला कळले. पुढे १९७२ साली हेन्री एलेनबर्गर या इतिहासकाराने जुनी कागदपत्रे धुंडाळून दाखवले, की ब्रॉयरचे उपचार संपल्यावर १८८२ मध्ये तिला स्वित्झर्लंडमधील एका आरोग्यधामात दाखल करावे लागले होते.

४/ पापेनहाइम पुढे सावरली. फ्रँकफर्टमध्ये तिने अनाथ मुलींसाठी काम केले, १९०४ साली ज्यू स्त्रियांची संघटना उभारली, स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध लढा दिला. मात्र ती नेमकी कशाने सावरली, हे त्या प्रसिद्ध हकिकतीवरून सांगता येत नाही. उपचार करणाऱ्याने स्वतःच लिहिलेली यशोगाथा हा पुरावा नव्हे. मानसोपचाराला हा धडा पचवायला पुढे बरीच वर्षे लागली.

५/ नैराश्याविषयी फ्रॉइडने १९१७ साली एक सिद्धांत मांडला. प्रिय व्यक्ती किंवा वस्तू गमावल्यावर तिच्यावरचा राग माणूस स्वतःकडे वळवतो, स्वतःलाच दूषणे देऊ लागतो आणि त्यातून विषाद जन्मतो, असे त्याचे म्हणणे. मांडणी विलक्षण होती, परंतु ती पडताळून कशी पाहायची हे कोणी सांगितले नव्हते.

६/ दुसरा प्रश्न १९२६ साली ऐरणीवर आला. थिओडोर राइक हे मनोविश्लेषक वैद्यकीय पदवीधर नव्हते. व्हिएन्नात त्यांच्यावर भोंदू वैद्यकीचा आरोप झाला. फ्रॉइडने त्यांच्या बाजूने एक पुस्तकच लिहिले. मन जाणण्याचे शिक्षण आणि वैद्यकीचे शिक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे त्याने मांडले. अमेरिकेतील संघटनांना हे पटले नाही. ही खुर्ची डॉक्टरांसाठीच राखीव, असा नियम तिथे कित्येक दशके टिकला.

७/ ती भिंत बाजूने ओलांडली कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने. तेही डॉक्टर नव्हते. १९४२ सालच्या त्यांच्या पुस्तकात एका व्यक्तीबरोबरच्या सर्व भेटींचे संभाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून, शब्दशः छापले होते. तोवर बंद दाराआड काय चालते हे केवळ उपचारकाच्या आठवणीतून कळे. आता तिसरा माणूसही ते वाचून त्यावर वाद घालू शकत होता.

८/ वाद लवकरच पेटला. १९५२ साली लंडनच्या हान्स आयझेंकने उपलब्ध आकडेवारी मांडून विचारले, मनोविकाराचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत एरवीही सुधारतात. मग मानसोपचाराचे श्रेय ते कोणते? त्याच्या आकडेमोडीवर पुढे पुष्कळ आक्षेप आले. प्रश्न मात्र रास्त होता. उपचार घेणाऱ्यांची तुलना न घेणाऱ्यांशी केल्याखेरीज त्याला उत्तर मिळणार नव्हते.

९/ उत्तराची वाट सापडली ती जवळजवळ अपघाताने. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एरन बेक हे डॉक्टर काम करत होते. त्यांचे शिक्षण मनोविश्लेषणाचे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस फ्रॉइडचा सिद्धांत शास्त्रीय कसोटीवर सिद्ध करावा, या हेतूने त्यांनी नैराश्यग्रस्तांची स्वप्ने अभ्यासायला घेतली. स्वतःकडे वळलेला राग स्वप्नांत दिसायलाच हवा, अशी त्यांची खात्री होती.

१०/ तो दिसला नाही. स्वप्नांत हरलेली, नाकारली गेलेली, काहीतरी गमावलेली माणसे होती. जागेपणीही रुग्ण स्वतःविषयी हेच बोलत. बेक यांनी सिद्धांत वाचवण्यासाठी पुरावा वाकवला नाही, तर सिद्धांतच बाजूला ठेवला. नैराश्यात माणूस स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे काळवंडलेल्या नजरेने पाहतो, हे सूत्र त्यांच्या हाती लागले.

११/ थेरपी कशी काम करते, याचे एक उत्तर इथे मिळते. मित्राने फोन उचलला नाही. क्षणार्धात मनात उमटते, ‘मी कोणालाच नकोसा आहे.’ विचार इतका झटकन येतो की तो विचार वाटतच नाही, वस्तुस्थिती वाटते. थेरपिस्ट त्याला खोटे म्हणत नाही किंवा ‘सकारात्मक विचार कर’ असेही सांगत नाही. दोघे मिळून तो विचार कागदावर उतरवतात. त्याला पुरावा काय? दुसरा अर्थ संभवतो का? इतिहासकाराने दस्तऐवज तपासावा, तसे हे काम आहे.

१२/ याच सुमारास, १९५५पासून, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस मिळतीजुळती पद्धत घडवत होते. त्यांचा आधार होता एपिक्टेटस, गुलामगिरीत वाढलेला प्राचीन तत्त्वज्ञ. घटना नव्हे, घटनेविषयीची आपली धारणा आपल्याला अस्वस्थ करते, हा त्याचा विचार. अनेक मराठी वाचकांना एलिस ठाऊक आहेत ते अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे.

१३/ बेक यांनी १९६१ साली नैराश्य मोजण्याची २१ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. मोजता येऊ लागल्यावर तुलना शक्य झाली. १९७७ साली ४१ रुग्णांच्या चाचणीत ही थेरपी त्या काळच्या इमिप्रामिन या औषधापेक्षा सरस ठरली. चाचणी लहान होती, तिच्यावर टीकाही झाली. बोलण्याला औषधाच्या तागडीत बसवून तोलता येते, हे मात्र तिने दाखवून दिले.

१४/ २००५ साली मध्यम ते तीव्र नैराश्याच्या २४० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. १६ आठवड्यांनंतर थेरपी आणि औषध, दोन्ही गटांत ५८ टक्के रुग्णांना गुण आला. पुढच्या वर्षभरात, थेरपीने बरे झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के पुन्हा आजारी पडले. औषध थांबवलेल्यांत हे प्रमाण सुमारे ७६ टक्के होते. थेरपीत माणूस काहीतरी शिकतो आणि ते त्याच्यापाशी राहते, असा याचा अर्थ लावला गेला. औषध मनाने बंद करणे का धोक्याचे, हेही याच आकड्यांत दिसते.

१५/ १९९६ साली नील जेकबसन यांनी या थेरपीचे भाग सुटे करून पाहिले. नैराश्यात माणूस माणसांत जाणे सोडतो, आवडीची कामे सोडतो. त्यामुळे आनंदाचे प्रसंग घटतात आणि मन आणखी खचते. हे चक्र उलटे फिरवण्यासाठी लहान लहान कामे ठरवून पुन्हा सुरू करायची, एवढाच भाग संपूर्ण थेरपीइतका परिणामकारक ठरला. इच्छा होण्याची वाट न पाहता कृती करायची; इच्छा मागाहून येते.

१६/ इतका साधा भाग पुरेसा असेल, तर तो देणारा माणूस मोठा तज्ज्ञच हवा का? १९२६चा व्हिएन्नातील प्रश्न नव्या रूपात परतला. भारतात तर तो जीवनमरणाचा होता. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्यासारख्या सर्रास आढळणाऱ्या मानसिक आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते.

१७/ या प्रश्नाचे एक उत्तर गोव्याने शोधले. तिथे १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार केले. जागा कोणती? प्राथमिक आरोग्य केंद्र. जिथे लोक ताप, खोकला, अंगदुखी घेऊन येतात तेच. उपचार जेकबसन यांच्या वाटेवरचा, स्थानिक जीवनाला जुळवलेला. सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाची.

१८/ गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजाराच्या विळख्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आयझेंकच्या प्रश्नाला आरोग्य केंद्राच्या साध्या खोलीने दिलेले हे उत्तर होय.

१९/ म्हणून तज्ज्ञ नकोत, असा अर्थ मात्र काढू नये. त्या समुपदेशकांना प्रशिक्षण होते, ठरलेली पद्धत होती, कामावर देखरेख होती. शिवाय सर्वांनाच गुण येत नाही, आणि काहींना औषधांची नितांत गरज असते. औषध देण्याचा अधिकार डॉक्टरांचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ती विचारण्यात गैर काहीच नाही.

२०/ योग्य थेरपिस्ट ओळखावा कसा? १९७९ साली एडवर्ड बोर्डिन यांनी उपचारातील नात्याचे तीन धागे सांगितले: ध्येयाविषयी एकमत, ते गाठण्याच्या कामांविषयी एकमत आणि परस्परांतला जिव्हाळा. तेव्हा पहिल्या काही भेटींतच विचारावे: आपण काय साधणार आहोत? कसे? गुण येतो आहे हे कशावरून ओळखणार? उत्तरे स्पष्ट नसतील, किंवा मोकळे बोलता येत नसेल, तर दुसरा थेरपिस्ट शोधणे हा अपराध नव्हे.

२१/ नैराश्य माणसाला पटवते की याचा काही उपयोग नाही. बेक यांनी शिकवल्याप्रमाणे हाही एक विचारच आहे, आणि त्याच्याविरुद्ध पुरावा आहे. बर्था पापेनहाइमला घरी येणारा नामवंत डॉक्टर लाभला, तरी ती त्याच्या हातून बरी झाली नाही. गोव्यातल्या रुग्णांना आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात, आपल्यातल्याच एका माणसासमोर बसून वाट सापडली. समोरच्या खुर्चीत थोर माणूसच हवा असे नाही. काम शिकलेला, ऐकणारा माणूस हवा.

२२/ पहिले पाऊल कुठे टाकावे हे सुचत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या विनामूल्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे दिवसरात्र बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, तर क्षणभरही न थांबता हा क्रमांक लावावा आणि जवळच्या माणसाला सांगावे.

(समाप्त)