रोज संध्याकाळी भोंगा वाजवून मोबाईल बंद करणारं गाव, आणि आपल्या रविवारची गोष्ट

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथे एक वेगळाच नियम सुरू झाला. संध्याकाळी ७ वाजता गावातल्या मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा. मग ज्याला हवं त्याने ते सुरू करावं.

कारण ओळखीचं होतं. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात मोबाईल आला, शाळा उघडल्यावरही तो सुटेना. मोठ्यांचंही वेगळं नव्हतं. ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा सुरुवातीला अनेकांनी तो हसण्यावारी नेला. महिलांनी मात्र उचलून धरला. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं, अशी कल्पना.

यात मोबाईल बंद करण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे ती सगळ्यांनी एकाच वेळी बंद करण्याची. एकट्याने फोन बाजूला ठेवला की ग्रुपवर काय चाललंय याची चुटपुट लागते, आणि शेजारी बसलेला माणूस रील्स बघत असेल तर बोलायचं तरी कोणाशी? अख्खं गाव थांबलं की ही अडचणच उरत नाही. (संध्याकाळी सात ही अनेक घरांत भाकऱ्या थापायची वेळ असते. त्यामुळे या दीड तासात बाईला विसावा किती मिळतो, हा प्रश्न उरतोच.)

रविवार मागून मिळाला नाही

भोंगा मुंबईलाही परिचयाचा. पण गिरणीचा भोंगा कामावर बोलवायचा. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांमध्ये पहाट फुटल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या आज साध्या वाटतील अशा होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार.

लगेच काही झालं नाही. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

रविवार हा खंडोबाचा वार, हेही या मागणीमागचं एक कारण सांगितलं जातं. पण सगळ्यांचा वार एकच असल्याचा मोठा फायदा झाला. नवरा, बायको, शेजारी, मित्र एकाच दिवशी मोकळे असायचे. लग्नाची बोलणी, क्रिकेट, मटणाचं जेवण, सगळं त्याच दिवशी.

हा एकत्र रविवार आता विरत चाललाय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायला मुभा दिली. कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावीच लागते, पण ती पाळीपाळीने दिली तरी चालते. म्हणजे मॉलमध्ये काम करणाऱ्या बायकोला मंगळवारी सुट्टी, बँकेतल्या नवऱ्याला रविवारी. हिशेबाने दोघांनाही विश्रांती मिळाली, पण एकमेकांसोबतचा दिवस गेला. रविवारी आपण घरपोच मागवलेली बिर्याणी घेऊन येणाऱ्याचा रविवार तर विचारूच नका.

सुट्टी असून ऑफिसचा फोन येतो तो वेगळाच. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर ईमेल-फोनपासून दूर राहण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात असा हक्क २०२४ मध्ये लागू झाला. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. पण १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे फार आशा ठेवण्यात अर्थ नाही.

तोवर घरापुरता भोंगा वाजवता येतो. वेळ सगळ्यांनी मिळून ठरवावी, नाहीतर तो फक्त मुलांना लावलेला नियम होतो आणि मुलं ते लगेच ओळखतात. फोन उशाशी उलटा ठेवण्यापेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवावा. गावी आई-वडील एकटे असतील तर 'डू नॉट डिस्टर्ब'च्या सेटिंगमध्ये मोजक्या नंबरांना सूट देता येते. त्यांचा फोन वाजेल, ग्रुपचा वाजणार नाही. आणि सातला जमत नसेल तर नऊला ठेवावं. तोवर भाकऱ्याही झालेल्या असतात.