सागवानावर नाव कोणाचं?

आजच्या भागात एका छोट्या डिझाइन स्टुडिओची गोष्ट सांगायची आहे. हा स्टुडिओ न्यूयॉर्कचा, साधारण एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा. त्याचा एक हात मात्र आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात होता.

मॅनहॅटनमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरच्या थोडं उत्तरेला, फिफ्थ अॅव्हेन्यूला लागूनच सात नंबर, ईस्ट टेन्थ स्ट्रीट हे घर आहे. आजूबाजूची घरं त्या भागातल्या जुन्या घरांसारखीच. या घराच्या दर्शनी भागातून मात्र एक कोरीव सागवानी सज्जा रस्त्यावर डोकावतो. वेली, पानं, फुलं, नक्षीचे पट्टे, बोटभरही जागा मोकळी सोडलेली नाही. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचं लाकडी काम ज्यांनी पाहिलंय, त्यांची पावलं इथे आपोआप थबकतील. हे घर 1887 सालचं. आज तिथे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या ज्यू विद्यार्थ्यांचं केंद्र आहे. सज्जा अहमदाबादच्या कारागिरांनी कोरला. सागवानात मुळातच तेल असतं, त्यामुळे न्यूयॉर्कची बर्फ-पावसाची शंभराहून जास्त वर्षं त्यानं सोसली.

हा सज्जा इथवर आला कसा, हे समजायला 1879 साली जावं लागेल. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून चौदा वर्षं झाली होती. रेल्वे, पोलाद आणि बँका यांतून नवा पैसा आला होता आणि त्या पैशातून नवे वाडे उभे राहत होते. 1876 साली फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं, तिथे देशोदेशीचं हस्तकाम अमेरिकन लोकांनी जवळून पाहिलं. यंत्रावर काढलेल्या एकसारख्या वस्तूंपेक्षा हातानं केलेली, फक्त आपल्या घरासाठी घडवलेली वस्तू हवी, अशी आवड श्रीमंतांमध्ये रुजू लागली. ही मागणी ओळखून न्यूयॉर्कमध्ये चार जणांनी भागीदारी केली. लुई टिफनीकडे काच. कॅन्डेस व्हीलर या बाईंकडे भरतकाम आणि कापड. सॅम्युअल कोलमन या चित्रकाराकडे रंग आणि भिंतीचे कागद. लॉकवुड डी फॉरेस्टकडे लाकूड आणि कोरीव काम. चौघांनी मिळून एक अख्खी खोली सजवायची, अशी ही कल्पना होती.

पेढीचं नाव ठेवलं ‘लुई सी. टिफनी अँड असोसिएटेड आर्टिस्ट्स’. भागीदार चार, पण पाटीवर नाव एकाचं. बाकीचे तिघे ‘असोसिएटेड’ या एका शब्दात मावले. हे लक्षात ठेवा, कारण आजच्या गोष्टीची मेख इथेच आहे.

या चौघांना मोठमोठी कामं मिळाली. पार्क अॅव्हेन्यूवरच्या सेव्हन्थ रेजिमेंट आर्मरीमधली ‘व्हेटरन्स रूम’ त्यांचीच, ती आजही पाहता येते. हार्टफर्डला मार्क ट्वेन यांच्या घराची सजावट त्यांनी 1881 साली केली. तिथल्या दिवाणखान्यापाशी लाकडावर चंदेरी स्टेन्सिलची नक्षी आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी व्हाइट हाउसच्या खोल्या टिफनींकडून सजवून घेतल्या. तिथला रंगीत काचेचा मोठा पडदा 1902 च्या नूतनीकरणात काढून टाकला गेला. हुकमी कामाचं हे असंच असतं, मालक बदलला की आवड बदलते.

आता डी फॉरेस्टकडे वळू. हा मुळात निसर्गचित्रकार. 1880 साली त्याचं लग्न झालं आणि नवराबायको मधुचंद्रासाठी हिंदुस्थानात आले. 1881 साली दोघं अहमदाबादला पोचले. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यातलं शहर होतं आणि 1864 पासून मुंबईशी रेल्वेनं जोडलेलं होतं. तिथल्या पोळांमधल्या घरांचे कोरीव खांब, तुळया आणि कमानदार चौकटी पाहून डी फॉरेस्ट खुळावला.

तिथे त्याची गाठ पडली मगनभाई हठीसिंग यांच्याशी. हठीसिंग हे नामांकित जैन व्यापारी घराणं. अहमदाबादचं संगमरवरी हठीसिंग मंदिर 1848 साली पूर्ण झालं, ते याच घराण्याचं. म्हणजे कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या काम देणं आणि त्यांच्याकडून ते नीट करून घेणं हे या घरात मुरलेलं होतं. मगनभाई आणि डी फॉरेस्ट यांनी 1881 साली अहमदाबाद वुडकार्व्हिंग कंपनी सुरू केली. डी फॉरेस्ट 1882 मध्ये अमेरिकेला परतला. त्यानंतर कारागिरांना एकत्र ठेवणं आणि कामावर नजर ठेवणं हे सगळं मगनभाईंवर होतं. डी फॉरेस्टला पुन्हा हिंदुस्थानात यायला 1892 साल उजाडलं. मधली दहा वर्षं हा स्टुडिओ विश्वासावर चालला, तोही आगबोटीनं जाणाऱ्या पत्रांच्या वेगानं.

काम चालायचं ते असं. नक्षीचे नमुने शहरातच होते. जुन्या घरांच्या लाकडावर होते, मशिदींच्या दगडी जाळ्यांत होते. ते नमुने सागवानात उतरवायचे, पितळेच्या पत्र्यात कापून जाळ्या करायच्या. पॅनेल, पट्ट्या, कंस, खुर्च्या, झोपाळे असा माल अमेरिकेला जायचा आणि तिथे कुणाच्या भिंतीवर, कुणाच्या शेकोटीभोवती बसायचा. कारागिराच्या हातातली नक्षी तीच राहिली, पण तिचं काम बदललं. पोळीतल्या घरात कोरलेला खांब छप्पर तोलायचा. न्यूयॉर्कमध्ये तीच नक्षी भिंतीची शोभा झाली.

याला कारागिराचं भलं म्हणायचं की शोषण? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ज्या काळात जुने आश्रयदाते ओसरत होते आणि विलायतेच्या धर्तीवरचं फर्निचर प्रतिष्ठेचं होत होतं, त्या काळात या ऑर्डरींनी कोरीव काम करणाऱ्या घरांना रोजगार दिला. पण इतकं बारीक हातकाम अमेरिकन गिऱ्हाइकाला परवडत होतं, ते अहमदाबादची मजुरी न्यूयॉर्कच्या मानानं फारच कमी होती म्हणून. भावातला हा फरक हाच धंद्याचा पाया होता. आपल्यापैकी कित्येकांच्या ऑफिसात आजही हाच हिशेब चालतो, फक्त सागवानाच्या जागी संगणक आलाय.

न्यूयॉर्कची भागीदारी 1883 पर्यंत मोडली. टिफनी काचेकडे गेले. व्हीलरबाईंनी ‘असोसिएटेड आर्टिस्ट्स’ हे नाव स्वतःकडे ठेवलं आणि बायकांच्या हाती चालणारा कापडाचा आणि भरतकामाचा स्टुडिओ 1907 पर्यंत चालवला. ज्या शब्दात त्यांचं नाव लपलं होतं, त्याच शब्दावर त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. डी फॉरेस्टनं अहमदाबादचं काम पुढे चालू ठेवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँड्र्यू कार्नेगी यांचा वाडा बांधला गेला, त्यातली ग्रंथालयाची खोली त्यानं कोरीव सागवानानं सजवली. फिफ्थ अॅव्हेन्यू आणि एक्याण्णवाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा हा वाडा म्हणजे आजचं कूपर ह्युइट डिझाइन म्युझियम. त्यातली ‘टीक रूम’ जरूर पाहा.

आता नावांकडे येऊ. टिफनींचे रंगीत काचेचे दिवे जगप्रसिद्ध आहेत. शंभर वर्षं ते टिफनींच्याच नावावर होते. मग क्लारा ड्रिस्कॉल या बाईंनी घरी लिहिलेली पत्रं अभ्यासकांच्या हाती आली. त्या टिफनींच्या काच कापणाऱ्या स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख होत्या. गाजलेल्या दिव्यांपैकी कितीतरींची कल्पना त्यांची होती हे पत्रांतून उघड झालं, आणि 2007 साली न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीनं त्यावर प्रदर्शन भरवलं. पत्रं टिकली म्हणून नाव परत आलं.

कारागिराचं नाव नोंदवणं त्या काळात अशक्य होतं, असंही नाही. लाहोरच्या कलाशाळेत शिकलेले भाई रामसिंग हे सुतारकाम करणाऱ्या घरातले. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसमधला दरबार हॉल त्यांनी जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या सोबतीनं सजवला. राणीनं त्यांचं चित्रही काढून घेतलं, त्यामुळे नाव आणि चेहरा दोन्ही इतिहासात राहिले. हे किपलिंग म्हणजे लाहोरला जाण्याआधी 1865 ते 1875 मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारे. क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पं त्यांचीच. मुंबईतही गोष्ट तीच आहे. व्हिक्टोरिया टर्मिनस म्हटलं की स्टीव्हन्स हे वास्तुरचनाकाराचं नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक. पण तिथल्या दगडावरची पानंफुलं आणि प्राणी घडवण्यात जे. जे. चे विद्यार्थी होते, त्यातल्या एकाचं तरी नाव आपल्याला पटकन सांगता येतं का?

अहमदाबादच्या सज्जाचंही तसंच. कल्पना डी फॉरेस्टची, असं पुस्तकं सांगतात. जरा बारकाईनं वाचलं तर मगनभाईंचं नाव सापडतं. पण पटाशी ज्याच्या हातात होती तो माणूस ‘अहमदाबादचे कारागीर’ या दोन शब्दांत राहिला. चार भागीदारांतले तिघे जसे ‘असोसिएटेड’मध्ये मावले, तसाच. व्हीलरबाईंना शिक्षण होतं, ओळखी होत्या, छापखाना जवळ होता. त्यांनी आपलं नाव सोडवून घेतलं. मिस्त्र्याला ती सोय नव्हती.

कुणाचा दोष काढायला मी हे सांगत नाही. डी फॉरेस्टला या कामाची खरी कदर होती. हिंदुस्थानी घरांच्या वास्तुकलेवर त्यानं 1885 साली पुस्तक काढलं. पाटणच्या जैन मंदिरातला सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव लाकडी मंडप त्यानं आणि त्याच्या भावानं 1916 साली मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. तोही तुम्ही तिथे जाऊन पाहू शकता. पण कदर करणं वेगळं आणि श्रेय लिहिणं वेगळं. कदर माणसाबरोबर जाते. लिहिलेलं मागे राहतं.

आणि हे आपल्याही हातात आहे. आपण परदेशातले लोक म्हणजे आजचे हुकमी काम देणारे गिऱ्हाईक. कुणी येवल्याहून मुलीच्या लग्नाची पैठणी विणून घेतं, कुणी देवघर करून मागवतं, कुणी सावंतवाडीचा रंगीत लाकडी चौरंग आणवतं. दुकानाचं नाव आपल्याला पाठ असतं. पुढच्या वेळी एक प्रश्न जास्तीचा विचारा, ‘हे कोणी केलं?’ उत्तर मिळालं की देवघराच्या मागच्या फळीवर नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. पैठणीच्या घडीत चिठ्ठी ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. पन्नास वर्षांनी आपली नातवंडं ते देवघर उलटं करून पाहतील, तेव्हा त्यांना ‘भारतातले कारागीर’ एवढंच वाचायला मिळू नये.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.